फायटर मासा आजारी आहे का? बेट्टा पाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री अकराच्या सुमाराला माझ्या फोनवर एक फोटो येतो. काचेवर बोटांचे ठसे, मागे ट्यूबलाइटचा उजेड, मध्ये धूसर निळा ठिपका आणि खाली एकच ओळ: "ताई, हा वाचेल ना?" आधी सोसायटीतली मुलं विचारायची, मग त्यांचे आईवडील, आता त्यांच्या ओळखीतले लोकही विचारतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. दुकानात ज्याला आपण फायटर म्हणतो तो थायलंडकडचा बेट्टा. हे सगळं त्याच्याबद्दल आहे.

माझा फायटर आजारी आहे हे ओळखायचं कसं?

आधी तो धडधाकट असताना कसा वागतो ते डोळ्यांत साठवून ठेवा. निरोगी फायटर तुम्ही जवळ गेलात की काचेपाशी येतो, दाणा पडताच झडप घालतो, पर पसरून पोहतो. ज्याने हे रोज पाहिलंय त्याला बिघाड पहिल्याच दिवशी कळतो.

दाण्याकडे पाठ फिरवणं ही सहसा पहिली खूण. त्यानंतर पर अंगाला चिकटवून बसणं. मिटलेल्या छत्रीसारखा दिसणारा फायटर म्हणजे काहीतरी बिनसलंय असं समजा. रंग उडणं, दगडावर किंवा झाडाच्या पानावर अंग घासणं, कल्ले भराभर हलणं, दिवसभर एका कोपऱ्यात तरंगत राहणं, या पुढच्या खुणा.

रोज सकाळी दाणे टाकताना दोन मिनिटं द्या: एकदा समोरून बघा, एकदा वरून. वरून बघायला लोक विसरतात, आणि पोटाचा फुगवटा, उभे राहिलेले खवले नेमके वरूनच दिसतात.

तो तळाशी आडवा पडून आहे. मेलाय का?

बऱ्याचदा झोपलेला असतो. फायटर पानावर, फिल्टरच्या मागे, अगदी तळाशी एका कुशीवर टेकूनही झोपतो. त्याला पापण्या नसल्यामुळे डोळे उघडेच राहतात. दिवा लावा, एखादं मिनिट थांबा. उठून पोहायला लागला तर चिंता नको.

न घाबरण्यासारख्या आणखी काही गोष्टी: पाण्यावर बुडबुड्यांचा फेस दिसला तर ते नराने बांधलेलं घरटं आहे. मादीच्या पोटाखाली पांढरा ठिपका असतो, तिथून अंडी येतात. तो इक नावाच्या पांढऱ्या दाण्यांच्या आजाराचा ठिपका नव्हे. ठिपक्याठिपक्यांच्या मार्बल जातीत रंग महिनोनमहिने बदलत राहतो. आणि मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेणं हा तर त्याचा स्वभावच आहे. डोक्यात कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्यातून तो थेट हवेतला प्राणवायू घेतो. भातशेतीच्या उथळ, कोमट पाण्यात जगणाऱ्या माशाची ही सोय आहे. मात्र तो सतत वरच लटकून धापा टाकत असेल, तर पाणी बिघडलंय किंवा कल्ल्यांना काही झालंय.

आजारी दिसला तर सर्वात आधी कोणतं औषध घालू?

कोणतंच नाही. सर्वात आधी पाणी तपासा.

मला या पानावर एकच गोष्ट सांगायला मिळाली असती तर मी हीच सांगितली असती. फायटरच्या बहुतेक आजारांचे जंतू टँकमध्ये आधीपासूनच असतात. पाणी चांगलं असताना मासा त्यांना दाद देत नाही. पाणी बिघडलं की त्याच्या अंगावरचा चिकट थर झिजतो आणि मग जंतूंना वाट मिळते. ज्या पाण्याने मासा आजारी पडला, त्याच पाण्यात औषध ओतून तो बरा कसा होईल?

बिघाड बहुतेक वेळा अमोनियाचा असतो. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, कुजलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. जुन्या, मुरलेल्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर राहणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं त्या मानाने सौम्य. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. नव्या टँकमधला मासा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आजारी पडतो तो बहुधा याच कारणाने, आणि दोष मात्र दुकानदाराला दिला जातो.

थेंब टाकून रंग बघायचं टेस्ट किट घ्या. अमोनिया ० हवा, नायट्राइट ० हवं, नायट्रेट २० पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या) आसपास किंवा कमी. किट नसेल तर थांबून राहू नका, अर्धं पाणी बदलून टाका. हिशेब सोपा आहे: अमोनिया २ पीपीएम असेल तर अर्धं पाणी बदलल्यावर १ उरतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धं बदललं की ०.५. सलग तीन-चार दिवस असं केलं की पर मिटून बसलेला मासा औषधाच्या थेंबाशिवाय पुन्हा काचेपाशी येतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

पण सगळं पाणी एकदम काढू नका, टँक घासूनपुसून लख्ख करू नका. माझा पहिला फायटर, लाल मखमली शेपटीचा, मी असाच गमावला. त्याचे पर किंचित झिजले होते. मी दगड साबणाने धुतले, स्पंज नळाखाली पिळला, वाळू उकळली, सगळं नवंकोरं करून त्याला परत सोडलं. चौथ्या दिवशी तो गेला. जे जिवाणू त्याला सांभाळत होते ते मी नळाखाली वाहून घालवले होते. स्पंज धुवायचा तर टँकमधून काढलेल्या पाण्यात दोनदा दाबून काढा, तेवढं पुरतं.

आमच्याकडचं नळाचं पाणी चालतं का?

चालतं, क्लोरीन काढलं की. पिण्याच्या पाण्यात नळाशी पोहोचेपर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असं भारतीय मानक सांगतं. आपल्याला तो सुरक्षित, माशाच्या कल्ल्यांना जाळणारा. दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं, ते म्हणजे सोडियम थायोसल्फेट, फोटो धुणाऱ्यांचा हायपो. नाहीतर पाणी रुंद तोंडाच्या बादलीत २४ तास उघडं ठेवा. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनचा वासही उग्र येतो. त्या दिवसांत दोन्ही करा.

पावसाळ्याचीच आणखी एक गोष्ट. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची आपल्याकडे सवय आहे. तुरटीचं पाणी टँकमध्ये घालू नका. तिने पाण्याचा आम्ल-अल्कली तोल ढळतो आणि त्यातलं ॲल्युमिनियम कल्ल्यांना बाधतं. गाळ खाली बसू द्या, वरचं नितळ पाणी घ्या.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी नळातून चटका बसेल इतकं गरम येतं. ते पहाटे भरून ठेवा. बोअरचं जड पाणी फायटर बहुधा सोसतो, फक्त ते भरून काही तास उघडं ठेवा. निव्वळ आरओचं पाणी मात्र वापरू नका, त्यात क्षारच उरत नाहीत.

हीटर खरंच लागतो का? इथे तर एवढं गरम असतं.

मुंबई-कोकणात वर्षातले बरेच महिने लागत नाही. पुणे, नाशिक, नागपूरला डिसेंबर-जानेवारीत लागतो. फायटरला २५ ते २८ अंश सेल्सिअस मानवतं. दुपारी थर्मामीटर २६ दाखवतो म्हणून लोक निश्चिंत असतात. पहाटे पाचला बघा: खिडकीपाशी ठेवलेल्या लहान बाऊलमध्ये तोच काटा २० च्या खाली गेलेला असतो. थंड पाण्यात त्याची पचनशक्ती आणि प्रतिकारशक्ती दोन्ही मंदावतात. त्याहून वाईट म्हणजे रोजचं हे सहा-सात अंशांचं चढउतार. २० लिटरच्या टँकला २५ वॉटचा हीटर पुरतो. वाटीएवढ्या बाऊलमध्ये हीटर लावताच येत नाही, म्हणून बाऊल नकोच. किमान १० लिटर, जमलं तर २०.

आजारी माशाला वेगळं काढायचं का?

एकटाच राहत असेल आणि उपाय फक्त पाणी बदलण्याचा असेल तर नाही. हलवाहलवीचा ताण उगाच कशाला? औषध घालायचं असेल किंवा सोबत दुसरे मासे असतील तर वेगळा काढा. पाच-सहा लिटरचा, कधी साबण न लागलेला प्लास्टिकचा डबा, हीटर, हळू चालणारा एअर पंप, लपायला एखादं पान. वर झाकण हवं, फायटर उडी मारतो. या डब्यात जिवाणूंची वस्ती नसते, म्हणून पाणी रोज बदलायचं, आणि बदललेल्या पाण्यापुरतंच औषध पुन्हा घालायचं.

औषधाचं प्रमाण काढण्याआधी टँकमध्ये पाणी किती आहे ते मोजा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजाराने भागा. ३० गुणिले २० गुणिले २५ म्हणजे १५ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी १२ लिटरच्या आसपास. अंदाजपंचे घातलेल्या औषधाने मेलेले मासे मी आजाराने मेलेल्यांइतकेच पाहिलेत.

घरचं मीठ चालतं का? किती?

खडे मीठ चालतं. सैंधव आणि पादेलोण नको. बाहेरच्या जखमा, झिजलेले पर, बुरशीची सुरुवात, इक यांवर मीठ खरोखर उपयोगी पडतं. सुरुवात लिटरला १ ग्रॅमने करा. १२ लिटरला १२ ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून. खड्यांचा आकार लहानमोठा असतो, चमच्याच्या मापावर विसंबू नका. वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवा आणि तासाभरात थोडं थोडं घाला. गरज पडली तर दुसऱ्या दिवशी लिटरला २ ग्रॅमपर्यंत वाढवा. सात ते दहा दिवस झाले की पाणी बदलत बदलत काढून टाका.

पाणी उडून जातं पण मीठ उडत नाही, तेव्हा कमी झालेल्या पातळीवर साधं पाणी घाला, मीठ पुन्हा नको. कायमचं टॉनिक म्हणून चिमूटभर मीठ टाकत राहण्याचाही काही फायदा नाही. तो गोड्या पाण्यातला मासा आहे, शिवाय टँकमधली झाडं मरतात.

शेपटी फाटली, झिजली आहे. हा फिन रॉट का?

आधी फाटली की कुजली ते ठरवा. टॉर्च घ्या, माशाच्या मागून उजेड पाडा आणि शेपटीची कड बघा.

सरळ चीर गेली असेल, कड स्वच्छ असेल, तर ती कुठेतरी अडकून फाटली. प्लास्टिकची झाडं हे नेहमीचं कारण. पायमोज्याच्या पातळ कापडावरून झाड फिरवून बघा. कापडाचा धागा ओढला गेला तर माशाची शेपटीही फाटणार. अर्धगोल घास घेतल्यासारखे तुकडे रातोरात गायब झाले असतील तर तो स्वतःच शेपटी चावतोय. जड, लांब शेपट्यांच्या जातींमध्ये हे होतं, आणि फिल्टरचा जोरदार प्रवाह असेल तर जास्त.

कड काळपट, लालसर किंवा पांढुरकी होऊन दिवसागणिक आत सरकत असेल तर तो फिन रॉट, जिवाणूंचा. पाणी रोज २५ ते ५० टक्के बदला, तापमान २६-२७ वर स्थिर ठेवा, लिटरला १ ते २ ग्रॅम मीठ आठवडाभर. परांपुरता मर्यादित फिन रॉट बहुतेक वेळा एवढ्यावर थांबतो. झीज अंगापर्यंत पोहोचली, किंवा मुळाशी लाली दिसायला लागली, तर मात्र जंतुनाशक औषध लागतं.

आणि थांबला हे कळणार कसं? पाच-सहा दिवसांनी पुन्हा तोच टॉर्च धरा. जुन्या रंगीत कडेच्या पुढे कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक पातळ, बिनरंगाची किनार दिसेल. ती नवी शेपटी आहे. कित्येक जण हीच किनार पाहून "आता पांढरं पडायला लागलंय" म्हणून घाबरतात आणि बऱ्या होत चाललेल्या माशावर औषध ओततात. पापुद्रा दिसला की हात आवरा. रंग नंतर भरतो.

अंगावर पांढरे दाणे दिसताहेत.

रवा भुरभुरल्यासारखे सुटे, मोजता येतील असे दाणे असतील तर इक, म्हणजे व्हाइट स्पॉट. हा एक परजीवी आहे. त्याचं आयुष्य कळलं की उपचार कळतो: दाणा म्हणजे कातडीखाली बसलेला जीव, तिथे त्याला औषध लागत नाही. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती माशाच्या शोधात पाण्यात पोहायला लागतात. औषधाने मरतात ती फक्त ही पोहणारी पिल्लं. म्हणून दुसऱ्या दिवशी दाणे गेले की औषध थांबवायचं नसतं. ते गेले नाहीत, खाली पडलेत.

तापमान दिवसाला एक-दोन अंश करत ३० पर्यंत न्या. उष्णतेने हे चक्र लवकर पुरं होतं. एअर पंप वाढवा, गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. लिटरला २ ते ३ ग्रॅम मीठ, तेही दोन दिवसांत वाढवत, किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेलं औषध, बाटलीवरच्या प्रमाणात आणि हातमोजे घालून. तळाची वाळू एक दिवसाआड नळीने खेचून घ्या. शेवटचा दाणा दिसेनासा झाल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवा.

दाणे सुटे नसून सोनेरी किंवा गंजाच्या रंगाची धूळ बसल्यासारखं दिसत असेल तर ते व्हेल्व्हेट. खोलीत अंधार करून टॉर्च तिरका धरला तरच ती धूळ चमकते, समोरून दिसत नाही. हा इकपेक्षा जीवघेणा, कारण आधी कल्ल्यांवर बसतो. त्याच्यात वनस्पतीसारखं हरितद्रव्य असतं, म्हणून टँकचा दिवा बंद करा आणि टँकवर जाड चादर टाका. सोबत मीठ आणि तांबंयुक्त औषध. गोगलगायी किंवा कोळंबी असतील तर आधी त्यांना दुसरीकडे हलवा, तांब्याने त्या मरतात.

तोंडाला कापसासारखं काहीतरी लागलंय.

इथे चूक करू नका, कारण सारखे दिसणारे हे दोन आजार अगदी वेगळे आहेत.

जखमेवर कापसाचा बोळा चिकटल्यासारखे लांब, मऊ, पाण्यात हलणारे धागे असतील तर बुरशी. ती सहसा आधीच्या जखमेवर धरते. मीठ किंवा मिथिलीन ब्लू हे निळं औषध, स्वच्छ पाणी, आणि मासा बहुधा सुधारतो.

तोंडाभोवती किंवा पाठीवर चुना फासल्यासारखा चपटा, राखाडी-पांढरा पट्टा असेल आणि सकाळी इवलासा दिसलेला संध्याकाळी वाढलेला असेल, तर तो कॉलमनॅरिस. हा जिवाणू आहे, बुरशी नाही. एक-दोन दिवसांतही मासा जाऊ शकतो. इथे तापमान वाढवणं म्हणजे आगीत तेल. उलट हळूहळू २४-२५ वर आणा. मीठ लगेच सुरू करा, पण त्यावर भागेल असं समजू नका. प्रतिजैविकासाठी त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. उद्या बघू म्हणण्याची सवड हा आजार देत नाही.

पोट फुगलंय आणि तो तिरका पोहतोय.

दाणे किती घालता? विचारलं की उत्तर येतं, "थोडेसेच." मग कळतं, सकाळी आजोबा घालतात, दुपारी शाळेतून आल्यावर मुलगी घालते, रात्री कामावरून आलेले बाबाही घालतात.

फायटरचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं असं समजून चाला. लहान दाणे तीन-चार, दिवसातून एकदा किंवा दोनदा. कोरडा दाणा पोटात फुगतो, पोट वाताशयावर, म्हणजे तरंगायला मदत करणाऱ्या हवेच्या पिशवीवर, दाब देतं, मग मासा तिरपा होतो, बुडतो नाहीतर वर अडकून राहतो. दोन-तीन दिवस काहीही घालू नका. धडधाकट फायटर आठवडाभर उपाशी राहू शकतो, तुमचं मन राहत नसलं तरी. पाण्याची पातळी वीतभर करा म्हणजे श्वासासाठी वर यायला त्याला लांब पोहावं लागणार नाही. मग डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक किडे, द्या. उकडलेला वाटाणा देण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण हा कीटक खाणारा मासा आहे. वाटाणा त्याचं अन्न नव्हे.

बद्धकोष्ठ हटत नसेल तर एप्सम सॉल्ट, औषधाच्या दुकानात मिळतं, १० लिटरला अर्धा चमचा. हे खाण्याचं मीठ नाही, आणि एकाच्या जागी दुसरं वापरता येत नाही.

जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे दुकानात मिळणारे लाल, दोऱ्यासारखे किडे, शक्यतो टाळा. ते गटाराच्या घाणीत वाढतात आणि तिथले जंतू सोबत आणतात.

वरून पाहिलं तर खवले उभे राहिलेत.

सीताफळासारखा दिसतोय का? तर तो ड्रॉप्सी. खरं तर ड्रॉप्सी हा आजार नव्हे, ती खूण आहे: मूत्रपिंडांनी हात टेकलेत आणि शरीरात पाणी साठतंय. यातून फार थोडे मासे उठतात, आणि हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. स्वच्छ कोमट पाण्यात वेगळा ठेवा, वर सांगितलेल्या प्रमाणात एप्सम सॉल्ट घाला, खाण्याचं मीठ अजिबात नको, आणि पशुवैद्याने सांगितलं तर दाण्यातून प्रतिजैविक. तीन-चार दिवसांत खवले बसायला लागले तर आशा धरा. अंडी धरलेल्या मादीचंही पोट फुगतं, पण तिचे खवले सपाट असतात.

एक डोळा बाहेर आलाय.

एकच असेल तर बहुधा मार लागला. स्वच्छ पाणी, एप्सम सॉल्ट, धीर. दोन्ही आले असतील तर आतला संसर्ग किंवा सडलेलं पाणी. जाड चकचकीत खवल्यांच्या ड्रॅगन जातीत वयानुसार खवले डोळ्यावर चढतात आणि मासा आंधळा होतो; त्याला औषध नाही. दाणे रोज एकाच कोपऱ्यात, काचेवर टकटक करून घाला. तो शिकतो.

दुकानदाराने निळं औषध दिलंय. घालू का?

कशासाठी, हे आधी विचारा. निळं म्हणजे मिथिलीन ब्लू: बुरशीवर चांगलं, अमोनिया-नायट्राइटची बाधा झालेल्या माशालाही दिलासा देतं. पण मुख्य टँकमध्ये घातलं तर फिल्टरमधल्या जिवाणूंना मारतं आणि काचेच्या सांध्यांचं सिलिकॉन कायमचं निळं करतं. वेगळ्या डब्यातच वापरा. लेबल नसलेली, नुसत्या रंगावरून ओळखायची बाटली घेऊ नका, आणि एकावर एक दोन-तीन औषधं घालू नका.

घरात उरलेली माणसांची प्रतिजैविकाची कॅप्सूल फोडून टाकणं तर नकोच. मात्रा चुकते, फिल्टर मरतो, आणि अर्ध्यामुर्ध्या मात्रेत वाचलेले जंतू पुढे कोणत्याच औषधाला जुमानत नाहीत.

बदामाचं पान, हळद, कडुलिंब?

बदामाचं पान होय. आपल्या शाळांच्या पटांगणात, सोसायट्यांच्या कुंपणाशी जो देशी बदाम असतो, लाल होऊन पानं गाळतो, तोच. आग्नेय आशियातले बेट्टा पाळणारे हीच पानं वापरतात. आपोआप गळलेलं, पूर्ण वाळलेलं पान घ्या. वर्दळीच्या रस्त्याकडेचं किंवा औषध फवारलेलं नको. धुऊन १० लिटरला एक मध्यम पान. पाणी चहासारखं होतं, त्यातल्या टॅनिनमुळे जंतूंची वाढ थोडी रोखली जाते आणि मासा निवांत होतो. तो आधार आहे, इलाज नाही.

हळद आणि कडुलिंब नाही. हळदीची पूड तळाशी बसून पाणी गढूळ करते, कडुलिंबाचा अर्क माशांना विषारी ठरू शकतो.

काल ठीक होता, आज तडफडतोय. काहीच बदललेलं नाही.

खोलीत डासांची कॉइल किंवा लिक्विडचं मशीन आहे का? सोसायटीत पेस्ट कंट्रोल झालं का? त्यातली पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं माशांना फार विषारी असतात, आणि आपला फायटर तर पाण्याच्या पृष्ठभागावरची हवाच आत घेतो. लगेच टँक दुसऱ्या खोलीत न्या, अर्धं पाणी बदला. पेस्ट कंट्रोल ठरलं असेल तर आदल्या दिवशीच हलवा. दिवाळीत फटाक्यांच्या धुरापासूनही जपा.

माशाचा डॉक्टर असतो का?

असतो, पण शोधावा लागतो. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांना आधी फोन करून विचारा, मासे बघता का. जाताना पाण्याच्या चाचणीचे आकडे, तापमान, टँकचे लिटर आणि दिवसाच्या उजेडात काढलेला एक छोटा व्हिडिओ न्या. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. पुढे कुणाकडे जावं याची विचारपूस तिथे करता येईल.

त्याचा आजार आपल्याला होतो का?

बहुतेक आजार नाही. अपवाद माशांच्या क्षयाचा: मायकोबॅक्टेरियम जातीचा जंतू हाताच्या जखमेतून शिरून बरी न होणारी गाठ आणू शकतो. हाताला कापलं असेल तर टँकमध्ये हात घालू नका, नळी तोंडाने ओढू नका. अशी गाठ आलीच तर डॉक्टरांना टँकबद्दल आवर्जून सांगा, नाहीतर ते त्या दिशेने विचारच करणार नाहीत.

तो आता बरा होणार नाही. त्याला त्रास न होता कसा सोडवू?

अनेक दिवस खाल्लं नाही, स्वतःहून वर येऊन श्वासही घेता येत नाही, अशा वेळी हा प्रश्न येतो, आणि तो विचारणारा माणूस निर्दयी नसतो. शक्य असेल तर पशुवैद्याकडूनच करून घ्या. नसेल तर लवंगेचं तेल. टँकचंच एक लिटर पाणी भांड्यात घेऊन मासा त्यात ठेवा. चार-पाच थेंब तेल छोट्या बाटलीत कोमट पाण्यासोबत खूप हलवा, दुधाळ झालं की हळूहळू भांड्यात सोडा. काही मिनिटांत त्याची शुद्ध हरपते. तो कुशीवर निपचित झाला की आणखी दहा-पंधरा थेंब तसेच घाला. कल्ले थांबल्यानंतरही तासभर तसाच राहू द्या, कारण हलका श्वास नजरेला दिसत नाही. बर्फाचं पाणी, फ्रीजर, संडासात सोडणं, यातलं काही करू नका. तळ्यात किंवा विहिरीत सोडणंही नको. तिथे तो जगत नाही आणि त्याचा आजार तिथल्या माशांकडे जातो.

मुलं असतील तर त्यांना सांगा. आमच्या इमारतीत एका सहावीतल्या मुलाने आपला फायटर तुळशीशेजारच्या कुंडीत पुरला आणि त्यावर टँकमधलाच एक पांढरा दगड ठेवला. दगड अजून तिथे आहे.

तसा तो म्हातारा झाला होता का?

फायटर साधारण दोन ते तीन वर्षं जगतो, चांगल्या टँकमध्ये कधी त्याहून जास्त. दुकानातला लांब परांचा नर आणतानाच काही महिन्यांचा असतो. दोन वर्षं सांभाळल्यावर तो मंदावला, पाठ जराशी वाकली, रंग फिका पडला, तर आजार शोधत बसू नका. पाण्याची पातळी कमी ठेवा, प्रवाह मंद करा, पृष्ठभागाजवळ टेकायला एक रुंद पान द्या.

तोच टँक पुन्हा वापरता येईल?

म्हातारपणाने गेला असेल तर हो, फिल्टर चालू ठेवा म्हणजे जिवाणू जगतील. त्यांना रोज एखादा दाणा टाका. संसर्गाने गेला असेल तर वाळू, स्पंज आणि झाडं टाकून द्या. एक भाग साधं ब्लीच आणि १९ भाग पाणी करून टँक, हीटर, जाळी दहा मिनिटं भिजवा, चार वेळा धुवा, शेवटच्या पाण्यात अँटी-क्लोरीन जास्त घाला, आणि सगळं दोन दिवस कडक उन्हात वाळवा. क्षयाचा संशय असेल तर जाळीही टाकून द्या, नवी घ्या. त्यानंतर टँक भरा, आणि पुढचा फायटर आणण्याआधी ते ४ ते ६ आठवडे जाऊ द्या.